हिंगोलीचा परवाना

सरहद्दीचा बंदोबस्त म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें चौकी आणि बंदूकधारी शिपाई उभा राहतो. परंतु एका अंमलदारास ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याच्या कानीं जात नसेल, तर हा सारा बंदोबस्त कसा फोल ठरतो, याचा दाखला हिंगोलीच्या इतिहासांत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हिंगोली निजामाच्या मुलखांत असून तेथें इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेची छावणी होती. छावणींत हरीसिंग नांवाचा एक प्रतिष्ठित व्यापारी राहत असे. आपणही त्याच्याशीं व्यवहार केला होता, असें निजामाच्या चाकरींतील मेडोज टेलर यानें ठगांवरील आपल्या १८३९ सालच्या कादंबरीच्या प्रस्तावनेंत लिहिलें आहे. मुंबईहून कापड आणावयाचें म्हणून हरीसिंगानें कॅप्टन रेनल्ड्स या मुलकी अधिकाऱ्याकडून परवाना मिळविला. कापड खरोखरच वाटेवर होतें. धनी मात्र दुसराच होता. त्या व्यापाऱ्यास नोकरचाकरांसह ठार करून हरीसिंगानें तोच माल परवान्यावर हिंगोलीस आणला आणि छावणींत उजळ माथ्यानें विकला. पुढें तो पकडला गेला व स्वतःच कबूल झाला, तेव्हां कोठें हें उघडकीस आलें.

परवाना खोटा नव्हता. उणीव होती ती पडताळ्याची. ठग एका राज्यांत खून करी आणि दुसऱ्यांत लूट विकी. न्यायाधीशाची सत्ता मात्र आपल्या हद्दीपुरती. म्हणून १८३५ सालीं विल्यम स्लीमन यास ठगीच्या बंदोबस्ताचा मुख्य अधिकारी नेमण्यांत आलें. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवरून ठगांच्या वंशावळी व याद्या तयार झाल्या. १८३६ च्या तिसाव्या कायद्यानें, गुन्हा दुसऱ्या जिल्ह्यांत घडलेला असला तरी खटला चालविण्याची मुभा कंपनीच्या न्यायालयांस मिळाली. हद्दी पुसल्या नाहींत. माहिती मात्र त्या ओलांडूं लागली.

येथें थांबलों असतों तर गोष्ट सुखाची झाली असती. परंतु याच कायद्यानें, अमुक खून अमक्यानें केला हें सिद्ध न करितां, केवळ तो ठगांच्या टोळींतील होता एवढ्यावरून त्यास सक्तमजुरीसह जन्माची कैद देतां येऊं लागली. पुरावा बहुधा त्या साक्षीदारांचा, ज्यांनीं बोलून आपला गळा फांसांतून सोडविला होता! अशा यादींत एखाद्या निरपराध्याचें नांव शिरलें, तर त्यानें दाद कोणाकडे मागावी?

आज सरहद्दीवरील पहारा, पारपत्रांची तपासणी आणि जकात हीं कामें निरनिराळ्या खात्यांकडे आहेत. १९६५ सालीं स्थापन झालेलें सीमा सुरक्षा दल हें त्यांपैकींच एक. या खात्यांनीं एकमेकांस माहिती द्यावी, हा आग्रह रास्तच आहे. परंतु हातोहात फिरलेला कागद फिरल्यानें खरा होत नाहीं. हरीसिंग सुटला तो परवाना कोणीं पडताळून पाहिला नाहीं म्हणून. निरपराधी अडकेल तो यादी कोणीं पडताळली नाहीं म्हणून. दोष एकच आहे, आणि खातीं जितकीं जवळ येतील तितका तो अधिक जपून टाळला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.