शाळेची घंटा आणि उसाचा हंगाम

१. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. ते १९६८ मध्ये पूर्ण झाले. त्याचे पाणी खाली सिद्धेश्वर धरणात येते आणि तेथून कालव्यांनी शेतांत पोहोचते. परंतु ह्याच तालुक्याच्या डोंगराळ भागातील वाड्या-तांड्यांवरची अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी परमुलखात जातात.

२. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि एप्रिलच्या सुमारास संपते. गळीत हंगाम साधारणतः नोव्हेंबर ते मार्च चालतो. म्हणजे पालकांबरोबर गेलेल्या विद्यार्थ्याचे दुसरे सत्र जवळजवळ संपूर्ण बुडते. नववीतला मुलगा फडात मोळ्या बांधतो. मुलगी कोपीवर धाकटी भावंडे सांभाळते. शाळेने आपली वेळ विद्यार्थ्याच्या दिवसाशी जुळवावी का, हा प्रश्न महाराष्ट्रात दीडशे वर्षांहून जुना आहे.

३. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. शेतकऱ्यांची मुले शाळेपासून दूर का राहतात, ह्याचे कारण त्यांनी स्पष्ट मांडले. घरी कमालीचे दारिद्र्य, आणि गुरे राखायला व शेत पाहायला मुलांचेच हात. म्हणून निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि ह्या मुलांना शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत, असे त्यांनी सुचवले. नुसत्या सक्तीने मुलाच्या श्रमाची घरातली किंमत भरून निघत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

४. ह्या मांडणीमागे अनुभव होता. दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी फुले दांपत्याने १८५५ मध्येच पुण्यात रात्रीची शाळा काढली होती.

५. मुंबईत हाच प्रश्न गिरण्यांच्या भोंग्याशी येऊन भिडला. १८९१ च्या कारखाना कायद्याने ९ ते १४ वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला ७ तासांवर आणले. एवढे राबलेल्या मुलाला दिवसाची शाळा कशी साधणार? ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगार वस्तीत रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. पुढे शहरात रात्रीची हायस्कुले उभी राहिली. ती संध्याकाळी सहानंतर भरतात आणि सुमारे तीन तास चालतात. दहावीचा अभ्यासक्रम आणि बोर्डाची परीक्षा मात्र दिवसाच्या शाळेचीच. तास निम्मे झाले, ओझे तेवढेच राहिले.

६. साताऱ्याने वेगळी वाट धरली. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू केले. ‘कमवा आणि शिका’ हे त्याचे तत्त्व. शेतातले काम हा विद्यार्थ्याच्या दिनक्रमाचाच भाग ठरला आणि त्या श्रमातून शिक्षणाचा खर्च निघू लागला. रात्रशाळेने श्रम संपण्याची वाट पाहिली होती. येथे श्रमांनाच वेळापत्रकात जागा मिळाली.

७. ठाणे जिल्ह्यातील (आजच्या पालघरमधील) कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. गुरे राखणारी आदिवासी मुले वर्गात येत नाहीत, तेव्हा शिक्षकाने कुरणात जावे, ह्या विचारातून कुरणशाळा जन्मली. परंतु ती लहान मुलांसाठी होती.

८. नेमकी येथेच हायस्कूलची अडचण सुरू होते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटापुरता आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, गावातच राहता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे आली. त्यांचा भर आठवीपर्यंतच्या मुलांवर राहिला. फुल्यांनी मागितलेली मर्यादा १२ वर्षांची होती, कायद्याने १४ ची दिली. नववी-दहावी दोन्ही वेळा कुंपणाबाहेरच राहिली. आणि चौदा-पंधरा वर्षांच्या हातांनाच तर फडात खरी मागणी असते.

९. शाळा सुटलेल्यांसाठी एक दार उरते: ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून बाहेरून दहावीला बसणे. ह्याहून लवचिक वेळापत्रक नाही, कारण त्यात रोजची शाळाच नाही. अडलेले गणित समजावणारा शिक्षकही नाही.

१०. ह्या इतिहासातून एक गोष्ट दिसते. घंटा सरकवणे सोपे असते. मुलाच्या मजुरीची भरपाई आणि शिकवणाऱ्याची सोबत देणे अवघड. साताऱ्याचा प्रयोग मोठा ठरतो तो दोन्ही एकत्र दिल्यामुळे. मराठवाड्यात उन्हाळा तापला की शाळा सकाळची होते. उन्हापुढे वेळापत्रक नमते, हे सर्वांना मान्य आहे. येलदरीच्या परिसरातून कोयता घेऊन निघालेल्या कुटुंबातील नववीच्या मुलीसाठी ते अद्याप नमलेले नाही.