दत्तकविधान
दुसऱ्याच्या मुलास विधिपूर्वक आपले अपत्य करून घेण्याच्या हिंदू संस्कारास दत्तकविधान म्हणतात. पिंडदान व वंशसातत्य हे त्याचे मूळ हेतू असल्याने पूर्वी सर्वसाधारणपणे पुत्रच दत्तक घेत. नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ प्रमाण मानणाऱ्या महाराष्ट्रात, पतीने मनाई केलेली नसल्यास, विभक्त कुटुंबातील विधवेस त्याच्या अनुमतीवाचूनही दत्तक घेता येई. बंगालमध्ये ही मोकळीक नव्हती. इंग्रजांनी मात्र साताऱ्याचे छत्रपती शहाजी (आप्पासाहेब) यांनी मृत्युशय्येवर घेतलेला दत्तक नामंजूर करून १८४८ साली राज्य खालसा ठरवले. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलींनाही दत्तक घेता येऊ लागले. केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यामुळे डहाणू-तलासरी भागातील कोसबाडसारख्या गावांतील वारली कुटुंबात दत्तक अपत्याचा वारसाहक्क मुख्यतः जमातीची रूढी सिद्ध होण्यावर अवलंबून असतो.