वटवट्यांची मोजदाद

इंग्रजीत ज्याला वॉर्बलर, म्हणजे गाणारा, म्हणतात, त्याला मराठीने नाव दिलं वटवट्या. मला आपलं नाव जास्त प्रामाणिक वाटतं. आरेतल्या गवतात शेपटी उभी धरून एकच सूर घोकत बसणारा राखी वटवट्या ऐका, म्हणजे पटेल.

या पक्ष्याची शास्त्रीय नोंद केली ती विल्यम हेन्री साईक्स या लष्करी अधिकाऱ्याने. १८२४ साली मुंबई सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. त्याने माणसं, पिकं मोजली आणि पक्षीही. १८३२ साली छापलेल्या त्याच्या यादीत राखी वटवट्या आहे, साधा वटवट्या आहे आणि 'रामा' नावाचा एक मातकट पाहुणाही आहे. आज तो साईक्सचा वटवट्या म्हणून ओळखला जातो.

पहिले दोघे इथले रहिवासी. राखी वटवट्या शिंप्यासारखी पानं शिवून घरटं करतो आणि उडताना चट्चट् आवाज काढतो. 'रामा' मात्र मध्य आशियातून हिवाळ्यापुरता येतो. तसाच ब्लिथचा बोरू वटवट्या. झुडपात दडून 'चक्, चक्' करतो, दिसतो क्वचितच. हिरवट पर्णवटवट्या झाडाच्या शेंड्याला किडे टिपतो. रंगावरून यांना ओळखणं कठीण, म्हणून जाणकार आधी कान लावतात.

शास्त्रज्ञांचाही गोंधळ झालाच. विसाव्या शतकात 'रामा'ला बराच काळ दुसऱ्या प्रजातीची उपप्रजाती मानलं गेलं. सगळे वटवटे एकाच मोठ्या कुळात कोंबलेले होते. जुन्या कोडमध्ये नको ते सगळं 'मिसलेनियस' फोल्डरमध्ये टाकतात ना, तसं. डीएनएच्या अभ्यासानंतर २००६ साली ते कुळ फोडलं गेलं. राखी वटवट्या शिंप्याच्या कुळात गेला, बोरूवाले आणि पर्णवाले वेगवेगळे झाले.

हा निव्वळ नावांचा खेळ नाही. सगळ्यांना 'कुठलातरी बारका पक्षी' म्हटलं, तर त्यातला एक नाहीसा झाल्याचं कळणार कसं? मुंबईत झाड तोडायला परवानगी लागते. त्यासाठी १९७५चा कायदा आहे. पण वटवट्यांपैकी अनेकांचं घर झाडावर नसतं. ते असतं गवतात, बोरूत, काटेरी झुडपात. बोरिवली असो की मुलुंड, सोसायटीमागचा असा तुकडा 'साफ' झाला की आपण त्याला स्वच्छता म्हणतो. साईक्सने दोनशे वर्षांपूर्वी ज्यांना यादीत जागा दिली, त्यांना आपल्या हिशेबात अजून रकाना नाही.