कबड्डीतील बचाव : जुना व नवा

एका दमात ‘कबड्डी’ शब्दाचा उच्चार करीत अंगणात शिरलेल्या प्रतिस्पर्ध्यास अडवून धरणे व त्याचा दम तुटेपर्यंत त्याला मध्यरेषा गाठू न देणे, या सामूहिक कौशल्यास कबड्डीत ‘बचाव’ म्हणतात. बचावातील निर्णायक कृती म्हणजे ‘पकड’. चढाई हे एका खेळाडूचे काम असते व प्रेक्षकांचे लक्ष स्वाभाविकपणे त्याच्याकडे जाते. परंतु जाणकारांच्या चर्चेत पकड करणाऱ्यालाच अधिक मान असतो. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, विशेषतः शहापूर व मुरबाड या तालुक्यांत, ‘पूर्वीचे पकड करणारे श्रेष्ठ की आताचे?’ हा प्रश्न आजही मोठ्या हिरिरीने चर्चिला जातो. या प्रश्नाचा निर्णय केवळ आठवणींच्या आधारे करता येत नाही. दोन्ही काळांतील खेळाडूंवर नियमांनी आणि जमिनीने निरनिराळी कामे सोपविली होती. ती ध्यानात घेतल्यावाचून केलेली तुलना निरर्थक ठरते.

फुटबॉलच्या इतिहासात ही गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. १९२५ पूर्वी आक्रमक खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू नसल्यास तो ‘ऑफसाइड’ ठरे. त्या वर्षी ही संख्या दोनवर आणण्यात आली. गोलांची संख्या एकाएकी वाढली आणि मधल्या फळीतील एक खेळाडू मागे ओढून तिसरा बचावपटू निर्माण करणे संघांना भाग पडले. १९९२ मध्ये सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाती घेण्यास मनाई झाली, तेव्हा केवळ चेंडू दूर भिरकावून देणाऱ्या बचावपटूचे दिवस संपले. त्याला चेंडू खेळविणे शिकावेच लागले. भारतापुरता आणखी एक बदल पायांचा होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक फुटबॉलपटू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून त्यांना १–२ असा निसटता पराभव स्वीकारावा लागला. १९५२ मध्ये हेल्‌सिंकी येथे यूगोस्लाव्हियाने १०–१ असा धुव्वा उडविल्यानंतर बूट अनिवार्य झाले. या दोन्ही संघांत असलेले शैलेन मन्ना हे १९५१ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील सुवर्णपदक विजेत्या संघाचे कर्णधार होते. त्यांची तुलना मुंबईच्या राहुल भेके यांच्याशी करताना प्रथम पायांतील बुटांचा आणि मग खेळाडूंचा विचार करावा लागतो. भेके हे बचावपटू असूनही २०१९ च्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यातील एकमेव गोल त्यांनी केला. बचावपटूने गोल करणे ही मात्र आजचीच नवलाई नव्हे : १९६२ च्या जाकार्ता येथील अंतिम सामन्यात डोक्याच्या दुखापतीमुळे जर्नेलसिंग यांना आघाडीला खेळविण्यात आले व त्यांनी दक्षिण कोरियाविरुद्ध गोल केला होता.

नियम आणि जमीन हीच दोन कारणे कबड्डीतही निर्णायक ठरली. हुतूतू, चेडूगुडू, हाडूडू अशा प्रादेशिक नावांनी खेळल्या जाणाऱ्या या खेळाचे संजीवनी, गामिनी व अमर असे तीन प्रकार रूढ होते. गामिनी प्रकारात बाद झालेला गडी संपूर्ण संघ बाद होईपर्यंत परत येत नसे. त्यामुळे एका चुकीच्या पकडीची किंमत फार मोठी असे आणि बचाव स्वभावतःच सावध राही. संजीवनी प्रकारात प्रतिपक्षाचा गडी बाद झाला, की आपला एक गडी पुन्हा खेळात येतो. त्यामुळे पकड करणाऱ्याला धोका पत्करण्याची मुभा मिळाली. अमर प्रकारात गडी बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजला जाई. आजचा खेळ मुख्यतः संजीवनी प्रकारावर उभा आहे. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याच्या १९२३ मधील स्पर्धांनी नियमांना काहीशी एकरूपता आली. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३४ मध्ये ते अधिक व्यवस्थित केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, १९५२ मध्ये मद्रास येथे पुरुषांच्या व १९५५ मध्ये कलकत्ता येथे महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या.

या काळातील बचावाचा कणा म्हणजे ‘साखळी’. शेजारच्या दोन गड्यांनी हात गुंफून चढाई करणाऱ्याच्या परतीच्या वाटेवर आडवे यावयाचे, त्याला कोपऱ्याकडे रेटावयाचे आणि मग इतरांनी वेढावयाचे, अशी तिची पद्धत. दोन्ही टोकांना कोपरारक्षक, त्यांच्या आतील बाजूस मध्यरक्षक आणि मधोमध एक गडी अशी सात जणांची मांडणी सर्वसामान्य होती व ती थोड्याफार फरकाने आजही टिकून आहे. जुन्या बचावपटूचा सर्वांत विश्वासू साथीदार कोण, तर चढाई करणाऱ्याचा दम. चढाईला घड्याळाची मर्यादा नव्हती, श्वासाची होती. म्हणून घाई न करणे, हूल देऊन प्रतिस्पर्ध्याला आत ओढणे आणि त्याचा उच्चार जड होऊ लागताच झडप घालणे हे खरे कसब मानले जाई. पकड झाल्यावरही काम संपत नसे. सुटण्यासाठी धडपडणाऱ्या गड्याला श्वास संपेतोवर धरून ठेवावे लागे. त्यामुळे कमरेची मिठी, मांडीची पकड आणि कुस्तीतून आलेला ‘पट’ यांना फार महत्त्व होते. हे बचावपटू बहुधा तालमीत वाढलेले असत आणि ते त्यांच्या पकडीवरून ओळखू येई.

जुन्या नियमांतील एक कलम येथे मुद्दाम नोंदविण्याजोगे आहे. प्रतिस्पर्ध्यास हेतुपुरस्सर ढकलून सीमारेषेबाहेर काढण्यास मनाई होती. बचाव करणाऱ्याने तसे केल्यास चढाई करणारा सुखरूप परतला असे समजण्यात येई. आज हीच कृती ‘डॅश’ या नावाने मध्यरक्षकाचे प्रमुख अस्त्र बनली आहे. म्हणजे जे एका पिढीला गुन्हा म्हणून शिकविले गेले, ते पुढच्या पिढीला कौशल्य म्हणून शिकविले जाते. जुन्या खेळाडूंनी अशी धडक कधी दिली नाही म्हणून ते दुबळे होते, असे अनुमान काढणारे हे कलम विसरतात.

शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी, एक माहुलीच्या आणि दुसरा माळशेज घाटाच्या सावलीत वसलेले आहेत. कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशी येथील वस्ती असून भात हे मुख्य पीक आहे. पावसाळ्यात खेळ बंद. भाताची कापणी व झोडणी आटोपली, की मोकळ्या झालेल्या खाचरांत किंवा देवळापुढील पटांगणात आखणी होते आणि यात्रा-उत्सवांबरोबर सामन्यांचा हंगाम सुरू होतो. क्रीडांगणासाठी माती चाळून तिच्यात शेणखत व लाकडाचा भुसा मिसळावा, असे नियमपुस्तक सांगते. प्रत्यक्षात मुरूम पूर्णपणे निघत नाही. अशा जमिनीवर घोट्याच्या पकडीसाठी सूर मारणे म्हणजे कोपर व गुडघे सोलून घेणे होय. त्यामुळे येथील बचावपटू उभ्याने पकड करण्यास प्राधान्य देतो, साखळीवर विसंबतो आणि पायाच्या बोटांनी जमीन धरून ठेवतो. शेतीच्या कष्टांमुळेच या भागात चांगले पकड करणारे निपजतात, असे कौतुकाने म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे. आवणी आणि भारे वाहणे यांनी कंबर व दम तयार होतो; पकडीचा नेमका क्षण मात्र सरावानेच साधतो.

शहापूर तालुक्यातून मध्य रेल्वेचा मार्ग जातो, मुरबाडला रेल्वे नाही. खेळाडूंच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. लालबाग-परळ भागातील मंडळे, रेल्वे, बंदर, बँका आणि मोठे उद्योग यांच्या संघांत जागा मिळणे हा ग्रामीण खेळाडूचा नोकरीचा मार्ग होता आणि तो आसनगाव-कल्याणवरून मुंबईकडे जाई. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावाचा आधार क्षीण झाला, तरी संस्थांच्या संघांमुळे ही वाट पूर्णतः बुजली नाही.

आशियाई क्रीडास्पर्धांत १९८२ मध्ये दिल्ली येथे प्रात्यक्षिक झाल्यानंतर १९९० मध्ये बेजिंग येथे पुरुषांच्या कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला. पुढे माती जाऊन कृत्रिम गादी आली, अनवाणी पायांत बूट आले. पुरुषांसाठी अंगण १३ × १० मी.चे आणि निदान रेषा मध्यरेषेपासून ३·७५ मी.वर असते. परंतु त्या जागेत घडणारा खेळ बदलला. बुटांमुळे चढाई करणाऱ्याला गादीवर तत्काळ वळता येऊ लागले आणि साखळीखालून निसटणारी ‘डुबकी’ प्रभावी झाली. हरयाणाच्या प्रदीप नरवालने तिचा असा उपयोग केला, की सैल साखळी हा बचाव न राहता आमंत्रण ठरू लागली. दुसरीकडे, गादीवर पडण्याची भीती कमी झाल्याने कोपरारक्षकाला घोट्याकडे सूर मारणे शक्य झाले.

२६ जुलै २०१४ रोजी सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने या बदलांना नियमांचे बळ दिले. (त्यानंतर सहाच दिवसांनी पालघर जिल्हा वेगळा होऊन जुना विशाल ठाणे जिल्हा इतिहासजमा झाला.) चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली. सलग दोन चढाया गुणाविना गेल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळविणे किंवा बाद होणे, एवढेच उरले. अंगणात तीन किंवा त्याहून कमी गडी असताना केलेल्या पकडीला एक जादा गुण मिळू लागला. यांतील तिसऱ्या चढाईच्या नियमाचा परिणाम सर्वांत खोल आहे. पूर्वी बचावपटू दम संपण्याची वाट पाही. आता तो प्रतिस्पर्ध्याची निकड ओळखून सापळा रचतो. धीर तोच राहिला, तो धरण्याचे कारण बदलले.

या काळात कोपरारक्षकाला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळाली. मनजीत छिल्लर, सुरेंदर नाडा, धर्मराज चेरलातन, मुंबईचे विशाल माने, ठाणे जिल्ह्यातील गिरीश इरनाक हे भारतीय, तसेच फजल अत्राचली व मोहम्मदरेझा शादलू हे इराणी खेळाडू पकडींसाठी प्रसिद्ध झाले. अत्राचलीच्या नावावर या स्पर्धेत पकडींचे चारशेहून अधिक गुण आहेत. शादलू २०२४ मध्ये विजेत्या ठरलेल्या पुणेरी पलटण संघात होता. इराणी बचावाचे सामर्थ्य भारताला २०१८ मध्ये जाकार्ता येथे जाणवले : इरनाक यांचा समावेश असलेला पुरुष संघ उपांत्य सामन्यात १८–२७ असा, तर महिला संघ अंतिम सामन्यात २४–२७ असा इराणकडून पराभूत झाला. २०२३ मध्ये हांगजो येथे भारताने ३३–२९ असे सुवर्णपदक परत मिळविले. त्या सामन्यात, स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेलेल्या चढाई करणाऱ्याच्या मागे धावलेले बचावपटू बाद समजावयाचे की नाही, यावरून खेळ दीर्घकाळ थांबला. बचावाचा नियम किती नाजूक असतो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

मग श्रेष्ठ कोण? आकड्यांनी उत्तर मिळणार नाही. आज प्रत्येक पकड खेळाडूच्या नावावर मोजली जाते; जुन्या काळी गुण संघाचा असे आणि साखळीतील दोघांपैकी पकड कोणाची, हा प्रश्नच उपस्थित होत नसे. १९७२ मध्ये कबड्डीतील पहिला अर्जुन पुरस्कार सदानंद शेट्ये यांना मिळाला. त्यांच्या पिढीच्या पकडींचे आजच्यासारखे तक्ते उपलब्ध नाहीत. वेग, झेप आणि एकट्याने केलेली पकड यांत आजचा खेळाडू निःसंशय पुढे आहे. आहार, व्यायामशाळा आणि चित्रफितींचा अभ्यास यांचा त्यात मोठा वाटा आहे. परंतु परस्परांच्या हालचालींची जाण आणि धरलेला गडी न सोडण्याची ताकद यांबाबत जुन्यांचे पारडे प्रस्तुत लेखकास जड वाटते. तीस सेकंदांच्या खेळात या दोन गुणांची गरज कमी झाल्याने ते मागे पडले, नाहीसे झाले नाहीत.

हा वाद केवळ स्मरणरंजनाचा नाही. मुरबाड-शहापूरच्या गावांतील मुले-मुली बहुतांशी अजूनही मातीवर, अनवाणी शिकतात आणि वरच्या स्तरावरील निवड मात्र गादीवर होते. निवड चाचणीत अशा खेळाडूचा पहिला दोष दिसतो तो पायांत : बुटांमुळे बोटांची पकड जाते आणि वळताना त्याचे पाऊल अपेक्षेपेक्षा लवकर थांबते. दुसरा दोष म्हणजे तो सूर मारण्यास कचरतो. हे दोन्ही दोष काही आठवड्यांच्या सरावाने जाण्यासारखे असतात. याउलट, गादीवर वाढलेल्या खेळाडूला साखळीतील सहकाऱ्याच्या खांद्याची हालचाल वाचण्यास शिकविणे हे कित्येक हंगामांचे काम असते. एका दिवसाच्या चाचणीत यांपैकी पहिलीच उणीव नजरेस पडते.