सक्तीचे स्थलांतर : संशोधन, कायदा आणि सेवाकार्य यांची सांगड

युद्ध, छळ किंवा हिंसाचार यांमुळे घरदार सोडणे भाग पडते, त्यास सक्तीचे स्थलांतर म्हणतात. देशाची सीमा ओलांडणाऱ्या निर्वासितांसाठी १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. परंतु स्वदेशातच परागंदा झालेले 'अंतर्गत विस्थापित' त्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची जबाबदारी त्यांच्याच शासनावर असते. ती शासनाने पार पाडावी म्हणून संशोधन, कायदा आणि सेवाकार्य यांची सांगड कशी घालता येते, हे दक्षिण अमेरिकेतील कोलंबियाच्या अनुभवावरून दिसते.

संशोधन : सैन्य, बंडखोर गनीम आणि खाजगी सशस्त्र टोळ्या यांच्या संघर्षात तेथील असंख्य शेतकरी कुटुंबांना जमिनी सोडून शहरांचा आश्रय घ्यावा लागला. कोलंबियाच्या कॅथलिक बिशप परिषदेने या प्रश्नाचा देशव्यापी अभ्यास करून १९९५ साली तो प्रसिद्ध केला. १९८५ ते १९९४ या काळात ५ लाख ८६ हजारांहून अधिक लोक विस्थापित झाल्याचा अंदाज त्यात मांडण्यात आला. पुढे धर्मग्रामांमार्फत अशी माहिती नियमित संकलित होऊ लागली.

कायदा : १९९७ साली कायदा क्रमांक ३८७ संमत झाला. विस्थापित कोणास म्हणावे, हे त्यात ठरले; प्रतिबंध, तातडीची मदत व पुनर्वसन ही शासनाची कर्तव्ये ठरली. १९९८ साली सुदानी मुत्सद्दी फ्रान्सिस डेंग यांनी संयुक्त राष्ट्रांसमोर अंतर्गत विस्थापनाविषयी ३० मार्गदर्शक तत्त्वे मांडली.

अंमलबजावणी : कायदा झाला, पण पुरेसा निधी व यंत्रणा नव्हती. कोलंबियाच्या १९९१ च्या राज्यघटनेनुसार मूलभूत हक्कांसाठी कोणीही वकिलाविना साधा अर्ज करू शकतो. १,१५० कुटुंबांचे असे १०८ अर्ज एकत्र करून घटनात्मक न्यायालयाने २२ जानेवारी २००४ रोजी निर्णय (टी-०२५) दिला. विस्थापितांची स्थिती राज्यघटनेशी विसंगत असल्याचे जाहीर करताना न्यायालयाने उपरोक्त तत्त्वांचाही आधार घेतला.

निर्णय देऊन न्यायालय थांबले नाही. शासनाकडून वेळोवेळी अहवाल मागविले, जाहीर सुनावण्या घेतल्या आणि प्रगती मोजण्याचे निकष ठरविले. नागरी संस्था व विद्वान यांच्या पाठपुरावा आयोगाने स्वतंत्र राष्ट्रीय सर्वेक्षणे केल्यामुळे शासकीय दावे पडताळून पाहता आले. २००८ साली विस्थापित स्त्रियांसाठी १३ कार्यक्रम आखण्याचा आदेश निघाला. २०११ च्या कायद्याने पीडितांना भरपाई आणि हिरावलेल्या जमिनी परत मिळविण्याचा मार्ग खुला केला.

तथापि विस्थापन थांबलेले नाही. २०१६ च्या शांतता करारानंतरही, जानेवारी २०२५ मध्ये कातातुम्बो भागातील चकमकींमुळे ५० हजारांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. अभ्यासाने युद्ध टळत नाही. मात्र ज्यांची नोंद होते, त्यांना निदान आपल्या हक्काची मागणी करता येते. म्हणूनच विस्थापितांमध्ये काम करणाऱ्यांनी मदतवाटपाइतकेच नोंदींनाही महत्त्व देणे अगत्याचे आहे.