एका अक्षराची गोष्ट

परवा पुतणीच्या लग्नाची बोलणी चालली होती. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले, सगळे खूश! मी हळूच विचारलं, "दोघांची सिकलसेलची तपासणी केली का?" एकदम शांतता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, शुभ कामात हे काय काढलं?"

काढलं, कारण आमचा धाकटा नवव्या वर्षी गेला. हातपाय दुखतात म्हणून रात्ररात्र रडायचा. आजी तेल चोळायची, म्हणायची वात आहे. ते साल १९७४.

या आजारात लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात. शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी अशा पेशींची नोंद केली १९१० साली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. १९५६ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमकी जागा शोधली. पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो. त्याची आरएनए ही नक्कल बाहेर येते, रायबोझोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो आणि अमिनो आम्लांचे मणी ओवत जातो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत असे १४६ मणी. त्यातला सहावा तेवढा चुकतो! जी-ए-जी ऐवजी जी-टी-जी, म्हणून ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. बस्स, एक अक्षर. (हे तीन अक्षरी कोडं उलगडल्याबद्दल आपल्या हरगोबिंद खुरानांना १९६८ चं नोबेल मिळालं, दोघांबरोबर विभागून.)

आणि नागपूर? शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं ते १९५८ साली. म्हणजे धाकट्याच्या जन्माआधीच आमच्या शहरातल्या डॉक्टरांना हे ठाऊक होतं. आमच्या घरापर्यंत मात्र पोचलं नाही. केंद्रकात माहिती असून भागत नाही, ती बाहेर येऊन कुणीतरी वाचावी लागते.

पुढे माझी तपासणी झाली, मी 'एएस' निघालो. म्हणजे वाहक, मला त्रास काहीच नाही. पण आई-बाबा दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलन मोहीम चालू आहे, पण घरातलं हे बोलणं आपल्यालाच करावं लागतं.

रात्री पुतणीचा फोन आला. "काका, तपासणीला उद्या उपाशीपोटी जायचं का?"

म्हटलं, "नाही गं, पोहे खाऊन जा. आणि त्यालाही सोबत ने."