घरगुती डायलिसिसचे प्रशिक्षण

घरगुती डायलिसिसचे प्रशिक्षण : मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला किंवा घरातल्या एखाद्या माणसाला घरच्या घरी डायलिसिस करायला परिचारिकेने शिकवणे. आपल्याकडे घरी होते ते बहुतेक पोटाचे डायलिसिस. पोपोविच आणि मॉनक्रीफ या संशोधकांनी १९७६ मध्ये अमेरिकेत मांडलेली ही पद्धत भारतात १९९१ पासून वापरात आहे. पोटात बसवलेल्या नळीतून दोनेक लिटर द्राव आत सोडायचा, चार ते सहा तासांनी काढून टाकायचा आणि नवी पिशवी लावायची, असे दिवसातून तीन-चार वेळा. रक्ताच्या डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा सुमारे चार-चार तास केंद्रात पडून राहावे लागते, ते यात टळते. पनवेलच्या अलीकडे, खांदेश्वरला राहणाऱ्याला मुंबईतले मोठे रुग्णालय गाठायचे तर हार्बर लोकलने जायलाच तासाहून अधिक लागतो, हे लक्षात घेतले की या सोयीचे मोल कळते. मात्र केंद्रात जे काम तंत्रज्ञ करतो, ते इथे रुग्णाच्या अंगावर येते. म्हणून प्रशिक्षण ही उपचाराला जोडलेली सूचना नसून उपचाराचाच भाग आहे, आणि ‘समजले ना?’ या प्रश्नाला मिळालेल्या होकारावर ते पुरे झाले असे धरता येत नाही.

कारण धोका हाताच्या सवयीत असतो. पिशवी बदलताना पंखा बंद, खिडकी बंद, तोंडाला मास्क, हात धुऊन पूर्ण कोरडे, आणि नळीच्या उघड्या टोकाला कशाचाही स्पर्श नाही : हे सगळे पाठ म्हणून दाखवणारा रुग्णही घाईत ओल्या हाताने टोपण काढतो. जाणती सिस्टर म्हणूनच आधी करून दाखवते, मग रुग्णाकडून गप्प बसून करवून घेते, चुकला की तिथेच थांबवते. बाहेर आलेल्या द्रावाची पिशवी वर्तमानपत्रावर ठेवायची. अक्षरे वाचता आली नाहीत तर पाणी गढूळ, पिशवी न टाकता लगेच रुग्णालय गाठायचे. दोन लिटर सोडून दीडच लिटर परत आले, तर आधी नळीला पीळ पडला आहे का पाहायचे, मग बद्धकोष्ठ आहे का याचा विचार करायचा. पोटाच्या पडद्याच्या संसर्गाचे प्रमाण रुग्णामागे वर्षाला ०.४ पेक्षा, म्हणजे अडीच वर्षांत एकदा यापेक्षा, जास्त नसावे, असे पोटाच्या डायलिसिसच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ मध्ये ठरवले. ब्राझीलमधल्या मोठ्या पाहणीत एकूण १५ तासांहून अधिक शिकवणी मिळालेल्यांत हा संसर्ग कमी दिसला. हाँगकाँगच्या २००७ च्या अभ्यासाने तर जरा खट्याळ निष्कर्ष काढला : अधिक अनुभवी परिचारिकांच्या रुग्णांत काही प्रकारचे संसर्ग अधिक होते. नोकरीची वर्षे आणि शिकवण्याची हातोटी या दोन गोष्टी एकच नव्हेत, एवढे यातून निघते.

कमी शिकलेल्यांना हे जमणार नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. पण अक्षरओळख नसली तरी पायऱ्या चित्रांवरून शिकता येतात; हाताला लागते ती सवय, आणि ती सरावाने येते. दुसरा आक्षेप जागेचा, आणि तो अधिक खरा आहे. दोन लिटरच्या चार पिशव्या रोज, म्हणजे महिन्याला सुमारे २४० किलोचे खोके. सिडकोच्या वन रूम किचनमध्ये ते ओलीपासून दूर, जमिनीपासून उंच कुठे रचायचे आणि पिशवी कोणत्या कोपऱ्यात बदलायची, याचे उत्तर वॉर्डात बसून देता येत नाही. त्यासाठी परिचारिकेने घर पाहायला हवे, आणि काही महिन्यांनी पुन्हा पाहायला हवे, कारण हात धुण्याची सवय सगळ्यात आधी ढिली पडते. मनुष्यबळ कुठून आणायचे, हा तिसरा प्रश्न. केंद्र सरकारने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाचा भर आरंभी रक्ताच्या डायलिसिसच्या यंत्रांवर होता. पोटाच्या डायलिसिसची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्ये आली. पिशव्यांचा खर्च कोणतीही शिकवणी कमी करत नाही. पण पिशव्या पुरवायच्या आणि शिकवणारी सिस्टर द्यायची नाही, यात वाचलेला पैसा संसर्गाने रुग्णालयात दाखल होणाऱ्या रुग्णावर खर्च होतो.